नुसत्या मनाईने वास्तू वाचत नाहीत

बोरीबंदरला लोकलमधून उतरून फोर्टातील कचेरीकडे निघालेला कारकून पावसाळ्याच्या दिवसांत एक सोय रोज उपभोगतो; तिचा विचार मात्र तो सहसा करीत नाही. दादाभाई नौरोजी मार्गावरील इमारतींच्या तळमजल्याशी कमानींची एक ओळ हुतात्मा चौकाच्या दिशेने जाते. बाहेर पावसाची झड लागली असली तरी या कमानींखालून चालणाऱ्याला बराचसा रस्ता छत्री मिटून काटता येतो. या इमारती वेगवेगळ्या मालकांच्या आहेत, वेगवेगळ्या वास्तुशिल्पज्ञांनी वेगवेगळ्या शैलींत बांधलेल्या आहेत. तरीही कमानींखालची वाट जणू एकाच हाताने आखल्यासारखी वाटते. ही किमया कोणा एका कलावंताची नाही. तेव्हाच्या हॉर्नबी रोडवर इमारत उभारणाऱ्या प्रत्येकाने तळमजल्याशी पादचाऱ्यांसाठी असा छताखालचा मार्ग ठेवला पाहिजे, असा दंडक १८९६ सालच्या बांधकामविषयक नियमांनी घालून दिला होता. नगरपालिकेच्या नियमांची पुस्तके रुक्ष असतात असा आपला समज आहे आणि तो बहुतांशी खराही आहे. परंतु मुंबईतील एका अत्यंत देखण्या रस्त्याचे देखणेपण अशाच एका रुक्ष नियमाच्या पोटी जन्मले, हे विसरता कामा नये.

जुन्या वास्तूंच्या जतनाचा प्रश्न निघाला की आपल्याकडे चर्चा लगेच दोन टोकांना जाते. एका बाजूला इतिहासप्रेमी मंडळी असतात. त्यांना प्रत्येक जुनी भिंत पूज्य वाटते. दुसऱ्या बाजूला, गळक्या छताखाली आयुष्य काढणाऱ्या माणसाला कसला आला वारसा, असे विचारणारे असतात. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. परंतु ज्या ठिकाणी या प्रश्नाचा निकाल खरोखर लागतो, त्या शहराच्या विकास नियंत्रण नियमावलीकडे मात्र दोघांचेही पुरेसे लक्ष नसते. कोणत्या भूखंडावर किती बांधता येईल, किती उंच बांधता येईल, काय पाडता येईल आणि कोणाच्या परवानगीने, हे ठरविणारी कलमेच अखेर वास्तूचे भवितव्य ठरवितात.

पुरातत्त्व कायद्याची मर्यादा

ऐतिहासिक वास्तूंचे रक्षण म्हटले की आपल्याला पुरातत्त्व खात्याची निळी पाटी आठवते. प्राचीन स्मारकांविषयीचा केंद्राचा कायदा १९५८ सालचा आहे, महाराष्ट्राचा १९६० सालचा. लेणी, किल्ले, मंदिरे, मकबरे यांच्या रक्षणासाठी हे कायदे आवश्यकच आहेत. परंतु केंद्राच्या कायद्याला वास्तू किमान शंभर वर्षे जुनी असावी लागते. शिवाय एखादी वास्तू एकदा संरक्षित झाली की तिचे स्वरूप बव्हंशी प्रेक्षणीय स्थळाचे होते. जिथे माणसे राहतात, दुकाने चालतात, शाळा भरतात, अशा हजारो इमारतींना हे कायदे लावणे शक्यही नाही आणि इष्टही नाही. ओव्हल मैदानाच्या पश्चिमेकडील आणि मरीन ड्राइव्हवरील इमारती प्रामुख्याने १९३० आणि १९४० च्या दशकांतल्या. शतक पुरे होण्याची वाट पाहत बसले असते तर तोवर त्यांतील किती उरल्या असत्या, हा प्रश्नच आहे.

म्हणूनच जगातील अनेक शहरांनी हे काम नगररचनेच्या नियमांवर सोपविले. अमेरिकेतील चार्ल्सटन या शहराने १९३१ साली आपल्या भूवापराच्या नियमांतच जुन्या वस्तीचा एक विभाग आखला आणि तेथील बांधकामांच्या बाह्यरूपाची छाननी करण्यासाठी एक मंडळ नेमले. न्यूयॉर्कला मात्र ठेच लागल्यावर शहाणपण आले. तेथील पेनसिल्व्हेनिया स्टेशनची भव्य इमारत १९६३ साली पाडावयास घेण्यात आली, लोक हळहळले, आणि १९६५ साली त्या महानगराने ऐतिहासिक वास्तूंच्या रक्षणाचा कायदा केला. आपल्याकडेही १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाने विकास आराखड्यात ऐतिहासिक व वास्तुशास्त्रीय महत्त्वाच्या स्थळांच्या जतनाची तरतूद करण्यास वाव ठेवलेला होता. या तरतुदीचा खऱ्या अर्थाने उपयोग होण्यास पुढे जवळजवळ तीस वर्षे लागली.

मुंबईचा प्रयोग

एप्रिल १९९५ मध्ये बृहन्मुंबईच्या १९९१ सालच्या विकास नियंत्रण नियमावलीतील ६७ क्रमांकाचा नियम मंजूर झाला. शहरातील वारसावास्तूंना स्थानिक नियमांचे कवच देणारा भारतातील हा पहिलाच प्रयत्न होय. सहाशेहून अधिक वास्तू आणि परिसर या यादीत आले. त्यांची तीन श्रेणींत विभागणी करण्यात आली. पहिल्या श्रेणीत राष्ट्रीय अथवा असाधारण ऐतिहासिक महत्त्वाच्या वास्तू. त्यांचे आयुष्य वाढविण्यासाठी जे किमान करणे भाग आहे त्याखेरीज आत-बाहेर कोणताही फेरफार करण्यास मज्जाव. दुसऱ्या श्रेणीत प्रादेशिक अथवा स्थानिक महत्त्वाच्या वास्तू. त्यांच्या अंतर्भागात बदल करता येतात, उपयोग बदलता येतो, परंतु बाह्यरूपाची छाननी होते. तिसऱ्या श्रेणीत रस्त्याला वा वस्तीला तिचा चेहरामोहरा देणाऱ्या इमारती. त्यांच्या बाबतीत बरीच सवलत आहे. याशिवाय एकेकट्या इमारतीपेक्षा समूहानेच अर्थपूर्ण ठरणारे परिसर वेगळे नोंदले गेले. महापालिका आयुक्तांनी परवानगी देण्यापूर्वी वारसा संवर्धन समितीचा सल्ला घ्यावा, अशी व्यवस्था झाली. २०१८ साली आलेल्या नव्या नियमावलीतही ही चौकट कायम आहे.

या रचनेतील शहाणपण श्रेणींच्या कल्पनेत आहे. सर्व जुन्या वास्तूंना एकच कठोर नियम लावला तर तो मोडला तरी जातो किंवा फेटाळला तरी जातो. राजाबाई टॉवर आणि गिरगावातील एखादे लाकडी गॅलरीचे घर यांना एकच माप लावता येणार नाही, हे या नियमाने मान्य केले. मालकालाही आपल्या वास्तूत काय करता येईल आणि काय करता येणार नाही, याची निदान स्थूल कल्पना त्यामुळे येऊ शकते.

नियमाने काय साधते याचा दाखला पुन्हा दादाभाई नौरोजी मार्गावरच मिळतो. कालांतराने या रस्त्यावरील कमानी दुकानांच्या पाट्यांनी झाकून गेल्या होत्या. प्रत्येकाची पाटी शेजाऱ्याच्या पाटीपेक्षा मोठी. नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस येथे पाट्यांचे आकार व जागा नेमून देण्याचे, त्या कमानींच्या मापात बसविण्याचे काम सुरू झाले. व्यापाऱ्यांना विश्वासात घेऊन ते पुढे नेण्यात आले आणि २००४ साली युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक विभागाने त्याची दखल घेतली. त्याच वर्षी छत्रपती शिवाजी टर्मिनसची इमारत जागतिक वारसा यादीत गेली, आणि २०१८ साली ओव्हलभोवतीच्या व्हिक्टोरियन गॉथिक व आर्ट डेको शैलींतील ९४ इमारतींच्या समूहालाही तो मान मिळाला. जागतिक यादीत नाव जाण्यासाठी त्या इमारती मुळात उभ्या असाव्या लागतात, आणि त्यांना स्थानिक नियमाचे संरक्षण असावे लागते. १९९५ साली तो नियम झाला नसता तर २०१८ चा सोहळा बहुधा झालाच नसता.

पाडले नाही, तरी पडते

एवढे श्रेय दिल्यावर या नियमाच्या अपयशाकडेही डोळे उघडून पाहिले पाहिजे. काळा घोडा चौकातील वॉटसन हॉटेलची, आजच्या एस्प्लनेड मॅन्शनची, कहाणी या दृष्टीने उद्‌बोधक आहे. १८६० च्या दशकात ओतीव लोखंडाचा सांगाडा इंग्लंडमध्ये घडवून, जहाजाने आणून ही इमारत उभारण्यात आली. ७ जुलै १८९६ रोजी ल्यूमिएर बंधूंच्या चलच्चित्रांचा खेळ येथेच झाला आणि हिंदुस्थानात चित्रपटाने पाऊल ठेवले. हॉटेल बंद पडल्यावर तिचे लहान लहान गाळे झाले. शेजारीच न्यायालये असल्याने वकिलांच्या कचेऱ्या आल्या, बिऱ्हाडेही आली. वारसा यादीत तिचा समावेश वरच्या श्रेणीत झाला. तिला कोणी हात लावू शकत नव्हते, आणि म्हणूनच की काय, कोणी हात लावलाही नाही. २००५ साली तिचा काही भाग कोसळून एका माणसाचा जीव गेला. २०१९ साली उच्च न्यायालयाच्या आदेशावरून ती रिकामी करण्यात आली. इमारत दुरुस्तीपलीकडे गेली आहे असा अभिप्राय एका तज्ज्ञ संस्थेने दिला. दुरुस्ती अजून शक्य आहे, असे वास्तुसंवर्धकांपैकी काहींचे म्हणणे पडले. कोणाचे खरे, हा वाद तंत्रज्ञांचा आहे. परंतु वास्तू पाडण्यास बंदी करणारा नियम तिला पडण्यापासून वाचवू शकत नाही, एवढे या इमारतीने दाखवून दिले.

असे का होते? याचे उत्तर आपल्या भाडेनियंत्रणाच्या इतिहासात शोधले पाहिजे. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने जुन्या जागांची भाडी सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठविली. युद्धोत्तर टंचाईच्या काळात घरमालकाच्या मनमानीपासून सामान्य भाडेकरूला वाचविण्यासाठी हे करणे अवश्य होते. कित्येक शिक्षक-कारकुनांचे संसार त्या कायद्याच्या आधारानेच उभे राहिले. परंतु तात्पुरती म्हणून केलेली व्यवस्था पिढ्यान् पिढ्या चालू राहिली. १९९९ च्या नव्या कायद्याने वर्षाला चार टक्के वाढीची मुभा दिली खरी, पण मूळ भाडेच जिथे चहाच्या काही कपांइतके, तिथे त्याचे चार टक्के ते काय असणार? अशा भाड्यात मालक कौले शाकारत नाही, भाडेकरूला परक्याच्या भिंतीवर पैसा घालण्याची उमेद होत नाही, आणि दोघांच्या मध्ये इमारत खचत जाते. मुंबईत १९६९ सालच्या कायद्याने उपकर घेऊन दुरुस्ती करणारे मंडळ स्थापन झाले. १९ हजारांहून अधिक इमारती त्याच्या कक्षेत आल्या. दुरुस्तीच्या नावाखाली लागलेले लाकडी टेकू मात्र अनेक ठिकाणी वर्षानुवर्षे निघाले नाहीत.

याहून गंभीर गोष्ट अशी की, आपली नियमावली स्वतःशीच भांडते. तिच्या एका कलमात जुनी इमारत जपण्याचा उपदेश आहे. दुसऱ्या कलमान्वये तीच उपकरप्राप्त इमारत पाडून नवी बांधणाऱ्याला वाढीव चटई क्षेत्र मिळते. शहर विभागात साधारण चटई क्षेत्र निर्देशांक १९९१ च्या नियमावलीनुसार १.३३ होता; पुनर्बांधणीसाठी तो १९९९ साली अडीचपर्यंत आणि गरजेनुसार त्याहूनही अधिक वाढविण्यात आला. मोडकळीस आलेल्या चाळींतील रहिवाशांना पक्की घरे मिळावीत हा हेतू निःसंशय चांगला होता. परंतु त्याचा परिणाम असा झाला की इमारत पाडण्याला बक्षीस आणि दुरुस्त करण्याला दंड, असा हिशेब प्रत्येक मालकापुढे उभा राहिला. या हिशेबात वारशाची बाजू हरणार हे सांगण्यास ज्योतिषी नको.

नुकसान कोणी सोसावयाचे?

येथे न्यायाचा एक मूलभूत प्रश्न आहे. शहराच्या सुखासाठी एखाद्याने आपल्या जमिनीचा पुरता मोबदला घेऊ नये असे आपण म्हणत असू, तर त्याची भरपाई कोणी करावयाची? न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्टेशनवर कचेऱ्यांचा उत्तुंग मनोरा बांधण्याची परवानगी नाकारली गेली तेव्हा मालक कंपनी थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेली. १९७८ साली निकाल शहराच्या बाजूने लागला. स्टेशनचा मूळ उपयोग चालू आहे, आणि तेथे न वापरता येणारे बांधकामाचे हक्क कंपनीला जवळच्या अन्य भूखंडांवर नेता येतात, ही बाब न्यायालयाने विचारात घेतली होती.

विकास हक्कांच्या हस्तांतरणाची, अर्थात टीडीआरची, हीच कल्पना मुंबईनेही उचलली. वारसावास्तूच्या मालकाला जे बांधता आले नाही, त्याचे प्रमाणपत्र त्याने घ्यावे आणि उपनगरातील विकासकाला विकावे, अशी ही योजना. कागदावर ती सुरेख आहे, कारण तिजोरीतून एक पैसाही जात नाही. परंतु व्यवहारात तिच्यात दोन उणिवा राहिल्या. प्रमाणपत्राला किंमत तेव्हाच, जेव्हा बाजारात वाढीव चटई क्षेत्र दुर्मिळ असेल. शासनच जर दुसऱ्या दारांनी ते भरपूर वाटू लागले, तर वारशाचे प्रमाणपत्र घेणार कोण? दुसरी उणीव याहून मोठी आहे. प्रमाणपत्र विकून आलेला पैसा त्याच वास्तूच्या दुरुस्तीवर खर्च झाला पाहिजे, ही अट काटेकोरपणे पाळली गेली नाही तर मालकाच्या हाती रक्कम पडेल आणि वास्तूच्या नशिबी टेकूच राहतील.

२०१२ साली मुंबईच्या यादीत आणखी सुमारे साडेनऊशे वास्तू व परिसरांची भर घालण्याचा प्रस्ताव आला. त्यात दादरच्या शिवाजी पार्कचा परिसरही होता, तेव्हा तेथील रहिवाशांनी जोरदार विरोध केला. त्या रहिवाशांना स्वार्थी ठरविणे सोपे आहे, परंतु ते न्यायाचे होणार नाही. निवृत्तीच्या वयाला पोहोचलेला, तिसऱ्या मजल्यावर जिना चढून जाणारा मध्यमवर्गीय मराठी माणूस पुनर्विकासात उद्वाहकाची आणि मोठ्या स्वयंपाकघराची आशा धरून बसलेला असतो. त्याला एका सकाळी वर्तमानपत्रातून कळते की आपले घर वारसा परिसरात गेले. आता काय करता येईल, किती मजले चढविता येतील, परवानगीला किती महिने लागतील, याचे उत्तर कोणी देत नाही. अशा वेळी त्याला वारसा हे संकट वाटले तर दोष त्याचा किती आणि ज्यांनी त्याला विचारलेच नाही त्यांचा किती?

भिडे वाड्याचा धडा

हा प्रश्न मुंबईपुरता नाही. पुण्याच्या पेठांतील वाड्यांनी १९६१ चा पानशेतचा पूर सोसला, नंतरच्या दशकांतील इमारतींची लाट मात्र त्यांना सोसवली नाही. चौक, ओसरी, सोपा, माडी या शब्दांचे अर्थ आता शिक्षकांना वर्गात चित्र काढून समजावून द्यावे लागतात. या पेठांतीलच एका वाड्याची हकीकत तर प्रत्येक शिक्षकाने लक्षात ठेवावी अशी आहे. बुधवार पेठेतील भिडे वाड्यात १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा सुरू केली. महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासात याहून मोलाच्या वास्तू मोजक्याच असतील. तरीही तो वाडा वर्षानुवर्षे ढासळत राहिला. राष्ट्रीय स्मारक करावयाचे ठरले तेव्हा जागेचा वाद न्यायालयात गेला आणि दशकाहून अधिक काळ चालला. अखेर नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात तो संपला आणि डिसेंबर २०२३ मध्ये उरलासुरला वाडा पाडण्यात आला, कारण तोवर त्यात जपण्याजोगे फारसे काही शिल्लक राहिले नव्हते. तेथे स्मारक होईल आणि ते व्हावयासही हवे. परंतु ज्या जिन्यावरून त्या पहिल्या मुली बिचकत बिचकत वर गेल्या असतील, तो जिना काही नव्या स्मारकात असणार नाही. वेळेवर केलेल्या दुरुस्तीचे काम नंतरच्या कोणत्याही स्मारकाने होत नाही.

२०२० साली मुंबई वगळता राज्यातील बहुतेक शहरांसाठी एकच एकीकृत नियमावली आली आणि तीत वारसाजतनाच्या तरतुदीही आहेत. तेव्हा वाई, सातारा, नाशिक, पैठण, कोल्हापूर अशा गावांना आता नियम नाही ही सबब सांगता येणार नाही. उणीव आहे ती यादी करण्याच्या इच्छेची आणि ती अमलात आणणाऱ्या माणसांची.

मग काय केले पाहिजे? पहिली गोष्ट, यादी लहान असली तरी चालेल, पण प्रत्येक वास्तूसमोर तिचा समावेश का झाला आणि तिच्यात काय काय करता येईल, हे मराठीत, स्पष्ट शब्दांत छापलेले असावे. दुसरी, परवानगीच्या अर्जाचा निकाल ठराविक मुदतीत लागावा; गळणारे छत समितीच्या पुढच्या बैठकीची वाट पाहत नाही. तिसरी, यादीतील वास्तू राखणाऱ्याला मालमत्ता करात भरीव सूट आणि दुरुस्तीसाठी अल्प व्याजाचे कर्ज मिळावे. पुनर्विकासाच्या वाढीव चटई क्षेत्रापोटी महापालिका जे अधिमूल्य घेते, त्याचा लहानसा वाटा या निधीत वळविणे अवघड नाही. चौथी, जाणूनबुजून केलेली हेळसांड हाही नियमभंग मानला जावा. पाडणे हा जर गुन्हा, तर पडू देणे हा तितकाच गुन्हा होय. पाचवी, चुन्याचे आणि जुन्या सागवानाचे काम जाणणारे कारागीर दुर्मिळ होत चालले आहेत. आपल्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी हे शिक्षण हाती घेतले तर वास्तूही राहील आणि तरुणांना रोजगारही मिळेल.

यावर कोणी म्हणेल की राहावयास घरे नाहीत तिथे हे चोचले कशाला? हा आक्षेप प्रामाणिक आहे, म्हणून त्याला उत्तर दिले पाहिजे. यादीतील वास्तू शहरातील एकूण इमारतींच्या मानाने अगदी मूठभर असतात. त्या पाडल्याने घरटंचाई संपत नाही आणि त्या राखल्याने वाढतही नाही. उलट, जुन्या वस्तीत जे उरले आहे, म्हणजे आभाळाचा तुकडा, रस्त्यावरची सावली, शेजाऱ्याचा आवाज पोहोचेल एवढी उंची, ते श्रीमंताला विकत घेता येते. सामान्य माणसाला मात्र ते फक्त सार्वजनिक नियमातूनच मिळू शकते. वारशाचे रक्षण ही त्या अर्थी श्रीमंतांची हौस नसून सामान्यांचा हक्क आहे.

१८९६ साली ज्यांनी कमानींचा नियम केला त्यांनी इमारतीच्या मालकाला एवढेच सांगितले होते की, तुझ्या छताखालून एक वाट सर्वांसाठी असू दे. मालकांनी ती ठेवली, त्यांची दुकानेही चालली, आणि सव्वाशे वर्षांनंतर आपला कारकून त्याच वाटेने कोरडा कचेरीत पोहोचतो. आपण आज जे नियम करू, त्यांच्या आडोशाने सव्वाशे वर्षांनी कोणी असा चालत जाईल काय, हा प्रश्न प्रत्येक शहराच्या महापालिका सभागृहाने स्वतःला विचारावयास हवा.